वास न येणारी व्यसनं

दारू पिऊन आलेला मुलगा ओळखायला मराठी घराला कधी पुस्तक लागलं नाही. दार उघडताच वास यायचा, चपला काढताना तोल जायचा आणि तोंडातली बडीशेप तर पुराव्यातच जमा व्हायची. 1980च्या दशकाच्या मध्यावर पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांत हा पिढीजात अनुभव एकदम कुचकामी ठरला. कॉलेजात जाणारी मुलं वाळत चालली होती, कपाटातले पैसे नाहीसे होत होते, पण तोंडाला वास म्हणून नव्हता. गादीखाली सापडायचे सिगारेटच्या पाकिटातले चंदेरी कागद, मधोमध करपलेले. सोबत जळक्या काड्या आणि सुरळी केलेली एखादी नोट. आईला वाटायचं, पोरगं सिगारेट ओढतंय, आणि त्यातल्या त्यात बरं म्हणून ती तेवढ्यावर गप्प बसायची.

तो कागद होता गर्दचा. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, भेसळीचं हेरॉइन. चंदेरी कागदावर चिमूटभर पूड ठेवायची, खालून काडी लावायची आणि धूर नळीनं आत ओढायचा. वैद्यकीय पदवी असूनही लेखणी धरलेल्या अनिल अवचटांच्या एका मित्राचाच मुलगा यात सापडला. त्यातून अवचटांनी या दुनियेचा माग काढला, लिहिलं, त्याचं 'गर्द' हे पुस्तक झालं. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि ऑगस्ट 1986मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा अवचट यांनी ते उभं केलं.

गर्दच्या बाबतीत घरच्यांचा गोंधळ आणखी एका गोष्टीनं वाढायचा. मुलगा पूड ओढून आला की शांत असायचा, गोड बोलायचा, फार तर पेंगायचा. पूड मिळाली नाही की मात्र नाक वाहायचं, डोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, हाडं मोडल्यासारखं दुखणं, उलट्या, जुलाब. व्यसनाच्या दुनियेत याला 'टर्की' म्हणतात. म्हणजे नशेत असलेला मुलगा बरा दिसायचा आणि नशा उतरलेला आजारी. आई त्याला काढा द्यायची, डॉक्टर फ्लूच्या गोळ्या द्यायचे. तासाभराचं काम आहे म्हणून तो बाहेर पडायचा आणि ठणठणीत होऊन परतायचा. एवढ्या झपाट्यानं बरा होणारा फ्लू कुठला, हा प्रश्न पडायला कित्येक घरांना महिने लागत.

त्यानंतर जवळजवळ चार दशकं गेली. पदार्थ बदलले, पण घराचं नाक अजून दारूच्याच वासावर बेतलेलं आहे.

आता दप्तरात काय सापडतं ते पाहू. गांजा, ज्याला कॉलेजच्या कट्ट्यावर 'माल' किंवा 'वीड' म्हणतात, त्याला वास असतो, पण तो अगरबत्ती, डिओ नाहीतर गॅलरीच्या उघड्या दारानं झाकला जातो. मग डोळे लाल होतात, म्हणून डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली जवळ बाळगली जाते. रात्री उशिरा कडकडून भूक लागते. बारीक पातळ कागदांचं पाकीट सापडतं आणि मुलगा सांगतो, प्रोजेक्टसाठी आणलंय. ई-सिगारेट, म्हणजे 'वेप', तर वासानंच फसवतो: खोलीत आंबा, पुदिना नाहीतर बबलगमचा दरवळ येतो आणि वस्तू दिसते पेन ड्राइव्हसारखी. तिची विक्री, आयात, जाहिरात, साठा या सगळ्यांवर देशात 2019पासून बंदी आहे. बंदी कायद्यात आहे आणि वेप दप्तरात.

एमडी म्हणजे मेफेड्रोन, 'म्याव म्याव'. 2015मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं. फेब्रुवारी 2024मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर छापा घातला आणि या पांढऱ्या पुडीचा प्रचंड साठा पकडला, तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. त्याच्या खुणा गर्दच्या अगदी उलट. गर्दनं बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, एमडीनं ती विस्फारते. मुलगा दोन-दोन रात्री जागतो, सारखा बोलतो, जबडा आवळतो, दात खातो, जेवणाचं नाव काढत नाही, वजन उतरतं. मग एकदम कोसळतो आणि दिवसभर झोपतो. परीक्षेच्या दिवसांत असा जागणारा मुलगा घरच्यांना अभ्यासू वाटू शकतो. यापरता मोठा विनोद नाही, पण त्यावर हसायला कुणी उरत नाही.

गरीब वस्तीतल्या आणि फलाटांवरच्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्या हाती येतो व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन, थिनर. रुमालावर ओतायचं आणि हुंगायचं. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019मध्ये आला. त्यात हुंगायचे पदार्थ हा एकच असा प्रकार निघाला ज्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा 10 ते 17 वयोगटात जास्त होतं. यापायी मदतीची गरज असलेल्या मुलांचा त्यातला अंदाज होता सुमारे 4 लाख 60 हजार. इथे मात्र वास येतो: बाह्यांना, रुमालाला, श्वासाला रंगाच्या दुकानासारखा. नाकाभोवती, ओठांभोवती पुरळ उठतं. पहिल्याच वेळी हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो, हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं.

विदर्भात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटलेला. तो व्यसन म्हणून कुणाच्या खिजगणतीतच नसतो, कारण तो आजोबांच्याही खिशात असतो आणि मास्तरांच्याही. 2019च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात 13 ते 15 वर्षांच्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे आढळले. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासं होतं. दातांचे डॉक्टर सांगतात ती तपासणी घरीही होते: स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावतात का पाहायचं. आख्खी पाणीपुरी तोंडात जात नाही म्हणून फोडून खाणारा विशीतला मुलगा नखरे करत नसतो.

अशी यादी वाचून हेर व्हायची हौस येते. खिसे तपासा, बाहुल्या मोजा, बाजारातून लघवी तपासायची पट्टी आणा. पण साध्या पट्ट्या प्रत्येक पदार्थ पकडत नाहीत, काही वेळा खोकल्याच्या औषधानंही भलताच निकाल येतो, आणि गांजासारखा पदार्थ नियमित घेणाऱ्याच्या लघवीत सोडल्यानंतरही कित्येक दिवस दिसत राहतो. शिवाय पट्टी एवढंच सांगते की पदार्थ शरीरात गेला. एकदा कुतूहलानं गेला की रोज जातो, हे तिला कळत नाही. शिवाय वयात येणाऱ्या मुलाचं चिडणं, खोलीचं दार लावून बसणं, रात्री जागणं, आईबापांपेक्षा मित्र जवळचे वाटणं हे सगळं व्यसनाशिवायही होतं. झोपेचं घड्याळ या वयात निसर्गतःच पुढे सरकतं. नैराश्यातही मुलगा असाच दिसतो. आणि नैराश्य व व्यसन कित्येकदा हातात हात घालून येतात, हा आणखी एक पेच.

म्हणून अनुभवी समुपदेशक एकेका खुणेपेक्षा बदलाकडे बघतात, आणि तोही त्या मुलाच्या स्वतःच्या आधीच्या वागण्याच्या तुलनेत. मुळात अबोल असलेला मुलगा अबोल आहे, यात नवल नाही. पण रोज संध्याकाळी फुटबॉलला जाणाऱ्यानं दोन महिन्यांत बूट हातात धरले नाहीत. जुने तीन मित्र घरी येईनासे झाले आणि नव्यांची नावं 'आहे एक' याच्यापुढे जात नाहीत. पहिल्या बाकावरची मुलगी हजेरीत मागे पडली. पैशांचे हिशेब लागेनात, क्लासची फी भरली म्हणतो पण क्लासमधून फोन येतो. बाथरूममध्ये वेळ वाढला. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. यातलं एखादं घडलं तर त्याला दहा कारणं असतील. पाच-सहा गोष्टी दोन-तीन महिन्यांच्या आत एकत्र आल्या तर दहा कारणं शोधणं थांबवून एक शोधावं.

मात्र पदार्थ घेणं आणि व्यसन लागणं यांत अंतर आहे. 'व्यसन' हा आपला शब्दच त्या बाबतीत फार नेमका. कौटिल्यानं अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांना दिलं. त्यात राज्यावर येणारी संकटंही व्यसनं आणि राजाची शिकार, द्यूत, मद्यपान हीही व्यसनंच. कारण माणसाला त्याच्या भल्यापासून दूर फेकतं ते व्यसन, असा त्याचा अर्थ. आजच्या मनोविकारशास्त्राचे निकष शेवटी तिथेच येतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2013मध्ये 11 खुणा ठरवल्या. ठरवल्यापेक्षा जास्त घेणं, सोडायचा प्रयत्न करून न जमणं, तलफ, पूर्वीइतक्यानं काम न होणं, न मिळाल्यास टर्की, शाळा-नोकरीची हेळसांड, आवडीची कामं सुटणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, अशा. वर्षभरात यातल्या दोन आढळल्या तर त्रास सौम्य म्हणायचा, सहा किंवा जास्त असतील तर तीव्र. किती घेतो, हा प्रश्न या यादीत नाहीच, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

किशोरांसाठी डॉक्टर त्याहून साधे प्रश्न विचारतात. बॉस्टनच्या बाल रुग्णालयात तयार झालेली सहा प्रश्नांची 'क्राफ्ट' चाचणी जगभर वापरतात. नशा केलेल्या कुणाच्या गाडीवर बसलास का, बरं वाटावं किंवा चारचौघांत मिसळता यावं म्हणून घेतोस का, एकटा असताना घेतोस का, घेतल्यावर काय केलं ते विसरतोस का, घरच्यांनी-मित्रांनी कमी कर म्हटलंय का, त्यापायी कधी अडचणीत आलास का. दोन उत्तरं 'हो' आली की पुढची तपासणी. यातला 'एकटा' हा प्रश्न सगळ्यांत बोलका. टोळक्यात ओढलेली सिगारेट आणि जिन्याखाली एकट्यानं ओढलेली सिगारेट, दोन्ही एकाच पाकिटातल्या असल्या तरी गोष्टी दोन आहेत.

संगतीचा मुद्दा आईबाप हमखास काढतात: आमचा चांगला होता, मित्रांनी बिघडवला. गंमत अशी की ज्यांच्याकडे बोट असतं त्या मित्रांचे आईबापही हेच म्हणत असतात. पण संगतीचं बळ खोटं नाही. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायची, पिवळा दिवा लागला तरी जितकं पुढे जाल तितके गुण, पण लाल होताच मध्ये भिंत येऊन आदळायची भीती. एकटे खेळताना किशोर आणि प्रौढ जवळपास सारखेच सावध होते. शेजारी मित्र बसवले आणि किशोरांनी धोका कितीतरी जास्त पत्करला. चोविशीपुढच्या मंडळींवर मित्रांचा परिणाम झाला नाही. मित्रांनी गाडी हातात घेतली नव्हती. ते नुसते बसले होते.

याचं मूळ मेंदूच्या वाढीत आहे. आनंद, बक्षीस, 'पुन्हा हवं' ही ओढ निर्माण करणारे मेंदूतले भाग वयात येतानाच जोरात असतात. लगाम खेचणारा कपाळामागचा भाग मात्र विशी उलटून पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. इंजिन तयार, ब्रेक अजून कारखान्यात. नशेचे पदार्थ डोपामिनचा जो लोंढा सोडतात त्यापुढे पुरणपोळी, क्रिकेट, पहिला नंबर हे सगळं फिकं पडतं, आणि मेंदू त्या लोंढ्याच्या अपेक्षेनं स्वतःला बदलून घेतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पंधराव्या वर्षाआधी दारू पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के पुढे कधीतरी मद्याधीन झाले. 21पर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास होतं. कमी वयात सुरुवात आणि पुढचं व्यसन, दोन्हींच्या मागे घरची परिस्थिती किंवा आनुवंशिकता असू शकते, हे मान्य. तरीही 'एकदा चाखू दे, मोठा झालाय' म्हणून लग्नघरात भाच्याच्या हाती ग्लास देणाऱ्या मामानं हे आकडे एकदा वाचावेत.

ज्या व्यसनाला पदार्थच नाही ते तर सर्वांत उशिरा ओळखलं जातं. 2022पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत गेमिंगचा विकार आहे. बंगळुरूच्या निम्हान्सनं 2014मध्येच मोबाइल-इंटरनेटच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक काढलं. मुलगा घरात आहे, डोळ्यांसमोर आहे, कुठे जात नाही, मग काळजी कसली? पण खेळावर ताबा राहत नाही, जेवण-झोप-अभ्यासाच्या आधी खेळ येतो आणि तोटा दिसूनही तो थांबत नाही, असं साधारण वर्षभर चाललं तर तो विकार. नुसते तास मोजून तो ठरत नाही. त्यात पैसा शिरला की चाल बदलते. रमी, फँटसी क्रिकेट, सट्ट्याची ॲप्स. ऑगस्ट 2025मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याआधी ज्या घरांनी हे सोसलं त्यांना पहिली खूण मुलाच्या चेहऱ्यावर दिसली नव्हती. ती बँकेच्या मेसेजांमध्ये होती: रात्री दोन वाजता गेलेले दोनशे, पाचशे, दोनशे. मग कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांचे फोन, मुलाच्या नव्हे, मावशीच्या मोबाइलवर.

आणि तरीही घरं ओळखत नाहीत. खरं तर ओळखतात, मान्य करत नाहीत. आई पन्नासाची नोट कमी भरली की स्वतःलाच विसरभोळी ठरवते. वडील म्हणतात, आम्हीही कॉलेजात उद्योग केले, सुटलं की नाही? आजी लपवून पैसे देते, कारण नातवाचं तोंड बघवत नाही. सोसायटीत कळेल, बहिणीचं लग्न व्हायचंय. मग कॉलेजात खोटा अर्ज जातो, उसनवारी फेडली जाते, मोबाइल हप्त्यावर पुन्हा येतो. प्रेमापोटी केलेली ही सगळी कामं व्यसनाला खतपाणी घालतात. जागं व्हायला मग गळ्यातली साखळी जावी लागते, नाहीतर पोलीस स्टेशनातून फोन यावा लागतो.

पोलिसांची भीती हे उपचार टाळण्याचं मोठं कारण, म्हणून कायद्याचं एक कलम माहीत असलेलं बरं. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या 64अ कलमानुसार, अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उलट मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या 77व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला हे माहीत असण्याची शक्यता कमी.

संशय आल्यावरची पहिली बोलणी बहुतेक ठिकाणी चुकतात, कारण ती रात्री साडेअकराला, दारात, मुलगा नशेत असताना होतात. तेव्हा त्याच्या डोक्यात काही शिरत नाही आणि वडिलांच्या हातून मात्र नको ते घडतं. दुसऱ्या दिवशी, शांतपणे, आरोपापेक्षा दिसलेल्या गोष्टी सांगाव्यात: 'तू गर्दुल्ला झालास' याऐवजी 'गेल्या महिन्यात तू चार वेळा क्लासला गेला नाहीस, वजन उतरलंय, मला भीती वाटते.' तो नाकारेलच. नाकारणं हा या आजाराचाच भाग आहे. मुलगा तयार नसला तरी आईबापांनी आधी एकट्यानं समुपदेशकाकडे जायला हरकत नसते. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416. तो बेशुद्ध पडला, श्वास मंदावला, छातीत दुखू लागलं किंवा जीव देण्याची भाषा करू लागला तर मात्र बोलणी नंतर, दवाखाना आधी.

समुपदेशकाच्या खोलीत सगळं कुटुंब बसलं की सुरुवातीला एक साधा प्रश्न येतो: पहिल्यांदा कधी लक्षात आलं? वडील म्हणतात, सहा महिने झाले, बाइक विकली तेव्हा. आई जमिनीकडे बघत सांगते, नाही, दिवाळीच्या आधीपासून, डब्यातले पैसे जायचे. मग इतका वेळ मोबाइलशी चाळा करणारी नववीतली धाकटी बहीण हळूच म्हणते, "दादाची बारावी चालू होती तेव्हाच. त्याच्या सॅकमध्ये डोळ्यांच्या थेंबांची बाटली असायची. मला वाटलं, नंबर लागलाय."